जॅक उचलतो, सांभाळत नाही

द्रवाच्या दाबाचा पाठ शिकवताना आपण मोटारीच्या जॅकचे उदाहरण हमखास देतो. एक लहान दट्ट्या, एक मोठा दट्ट्या, फळ्यावर आकृती, एक सोपे गणित, की पाठ संपला. माझ्या वर्गात मात्र एकदा मागच्या बाकावरून हात वर आला. त्या मुलाच्या वडिलांचे गॅरेज आहे. तो म्हणाला, "सर, आमच्या जॅकवर दोन टन असं लिहिलंय. गाडी तर एक टनाचीसुद्धा नाही. मग बाबा जॅकवरच्या गाडीखाली कुणाला जाऊ का देत नाहीत?"

गणिताप्रमाणे पाहिले तर मुलाचे बरोबर होते. अनुभवाप्रमाणे पाहिले तर त्याच्या वडिलांचे. दोघेही बरोबर असतील तर आपल्या पाठातच काहीतरी सांगायचे राहून जात असले पाहिजे. ते काय, ते आपण पाहू.

बल वाढते, पण कशाच्या बदल्यात?

ब्लेझ पास्कल याने १७ व्या शतकात दाखवून दिले, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. जॅकमधल्या लहान दट्ट्याचा व्यास १ सेंमी आणि मोठ्याचा ४ सेंमी धरू. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. हँडलच्या तरफेमुळे आणखी दहापट फायदा मिळतो असे मानू. एकूण १६० पट. गाडीच्या एका बाजूला जॅक लावल्यावर त्यावर ३२० किलो भार येत असेल, तर घर्षण सोडून हाताला फक्त २ किलो जोर लावावा लागेल.

हे फुकट मिळत नाही. गाडी १० सेंमी वर न्यायची, तर हाताला त्याच्या १६० पट, म्हणजे १६ मीटर अंतर कापावे लागते. हँडलची एक खेप ४० सेंमीची असेल, तर अशा ४० खेपा. जोर कमी, अंतर जास्त, गुणाकार तोच. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

पण हे सारे गणित गाडी उचलण्याचे आहे. उचललेली गाडी वर टिकते कशाने, हा प्रश्न त्यात येतच नाही.

एका कड्याचा भरवसा

गाडी वर आहे आणि आपण हँडल सोडले. आता ३२० किलोचा भार मोठ्या दट्ट्याखालच्या तेलावर आहे. तेलाला बाहेर पडायच्या वाटा दोनच. एक झडपेतून, दुसरी दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधल्या फटीतून. झडपेत एक छोटी गोळी बसलेली असते आणि फटीत एक मऊ कडे असते. गाडी वर राहते ती या दोन वस्तूंच्या जोरावर.

ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले. पास्कलचा नियम तोवर शंभराहून अधिक वर्षे माहीत होता. पण यंत्र करायला गेल्यावर दट्ट्याभोवतालच्या फटीतून होणारी गळती थांबवणे ही खरी डोकेदुखी ठरली. त्यावर वाटीसारख्या आकाराचे चामड्याचे कडे बसवण्याची युक्ती निघाली. दाब वाढला की ते कडे आपोआप अधिक घट्ट बसते. ही युक्ती ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सले याची, असे सामान्यपणे मानले जाते. आज चामड्याच्या जागी रबरासारखे पदार्थ आले, पण काम तेच आहे. कडे जुने झाले, तेलात धुळीचा कण शिरला, झडपेचा स्क्रू पुरता आवळला नाही, की तेल सुटते आणि गाडी खाली येऊ लागते. 'दोन टन' हा आकडा जॅक किती उचलू शकतो ते सांगतो. किती वेळ धरून ठेवील, याची हमी तो देत नाही.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक २ मिलिची व एक २० मिलिची. पाणी भरून त्या सलाईनच्या नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाही. एका विद्यार्थ्याने मोठी पिचकारी उभी धरावी, तिच्या दट्ट्यावर दोन वह्या तोलून ठेवाव्यात. लहान पिचकारी दाबली की वह्या वर येतात. आता नळीचा सांधा किंचित सैल करा. वह्या खाली येतात. पुन्हा उचला आणि या वेळी वह्यांच्या दोन्ही कडांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे रचा. आता सांधा सोडला तरी वह्या जागच्या हलत नाहीत. गॅरेजमध्ये या ठोकळ्यांचे काम लोखंडी स्टँड करतो. त्यात तेल नाही, कडे नाही. लोखंडावर लोखंड टेकलेले असते.

मग स्क्रूचा जॅक?

गाडीच्या डिकीत बहुधा स्क्रूचा जॅक असतो. काटकोन त्रिकोणी कागद पेन्सिलीभोवती गुंडाळला तर त्याची तिरपी कड आट्यांसारखी दिसते. स्क्रू म्हणजे गुंडाळलेली उतरणच. ही उतरण इतकी सौम्य असते, की घर्षण ओझ्याला घसरू देत नाही. म्हणून हँडल सोडले तरी गाडी खाली येत नाही.

म्हणजे हा जॅक गळत नाही. पण तो कलंडतो. वर केल्यावर त्याची उंची बरीच आणि बूड लहान. उभी ठेवलेली काडेपेटी आडव्या पेटीपेक्षा लवकर पडते, तसेच हे. गाडी काही सेंटिमीटर पुढेमागे सरली, तर जॅकचे डोके तिच्याबरोबर जाते आणि बूड जागीच राहते. भाराची रेषा बुडाबाहेर गेली, की संपले.

चाके अडवली असताना गाडी सरेलच कशी? बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यातले एक चाक उचलले, की तो उरलेल्या एकाच चाकाला धरतो. गाडी गिअरमध्ये ठेवली तर इंजिन ज्या चाकांना फिरवते ती चाके अडतात. पण त्या जोडीतले एक चाक हवेत गेले, की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते आणि त्याचा जमिनीवरचा जोडीदारही मोकळा होतो. म्हणून गिअर आणि हँडब्रेक दोन्ही हवेतच, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून दगड किंवा लाकडी पाचर हवी.

खालच्या जमिनीचाही विचार करावा. जॅकचे बूड १०० चौ. सेंमी असेल, तर ३०० किलोचा भार दर चौ. सेंमीला ३ किलो पडतो. पावसाळ्यातली ओली माती एवढ्याने खचते. त्याखाली ३० सेंमी लांबरुंद जाड फळी ठेवली, तर तोच भार ९०० चौ. सेंमीवर पसरतो आणि दर चौ. सेंमीला एक तृतीयांश किलोवर येतो.

पट्टी पकडण्याचा खेळ

"गाडी हलली तर मी पटकन बाहेर येईन," असे अनेकांना वाटते. याचे उत्तर तीस सेंटिमीटरच्या पट्टीत आहे. एकाने पट्टी उभी लटकती धरावी, दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी बोटे न टेकवता तयार ठेवावीत. न सांगता पट्टी सोडली, तर ती साधारणपणे १५ ते २० सेंमी निसटल्यावरच बोटांत सापडते. हा खेळ वर्गात सर्वांना खेळू द्या. मग विचारा, जॅकवरची गाडी जमिनीपासून किती उचललेली असते? अनेकदा दहा सेंटिमीटरच. ते अंतर पडायला सुमारे एक सप्तमांश सेकंद लागतो. पट्टी पकडण्याच्या तयारीत असलेली बोटेही तोवर हललेली नसतात. आडवा पडलेला माणूस काय हलणार!

घरी करताना

फाटकातल्या उतारावर काम करू नये. सपाट, पक्की जागा निवडावी. गाडीतून सर्वांनी उतरावे. हँडब्रेक, गिअर, चाकांना पाचर, हा क्रम ठेवावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी जॅकवर असताना पान्याला हिसके दिले तर तेच हिसके जॅकला बसतात. जॅक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा, इतरत्र पत्रा दबतो. चाक बदलण्यापुरते काम असेल तर शरीराचा कोणताही भाग खाली न घालता ते उरकावे, आणि तेवढ्या वेळापुरती स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. गाडी घसरलीच तर ती स्टेपनीवर अडेल.

खाली जायचेच असेल तर स्टँड लावावेत, गाडी हळूहळू त्यांच्यावर टेकवावी, बाजूने हलवून पाहावी आणि मगच जावे. स्टँडऐवजी विटा रचू नयेत. वीट सर्वत्र सारखा दाब सोसते, पण एका बिंदूवर भार आला तर सूचना न देता दुभंगते. पोकळ सिमेंटचा ठोकळा तर त्याहून वाईट.

अलीकडे घरी वापरण्याजोग्या, हलवता येणाऱ्या लिफ्टही मिळतात. तिथेही नियम हाच. मोठ्या गॅरेजमधली दोन खांबांची लिफ्ट वर जाताना टक् टक् असा आवाज येतो. तो लोखंडी खिटी एकेका खाचेवरून सरकल्याचा असतो. गाडी हव्या त्या उंचीवर गेली की जाणता मेकॅनिक ती किंचित खाली सोडतो, म्हणजे भार तेलावरून खिटीवर जातो. घरच्या लिफ्टलाही अशी खिटी आहे का, हे घेतानाच पाहावे, आणि ती बसल्याखेरीज खाली जाऊ नये.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पिचकाऱ्यांचा प्रयोग करायला बोलावले. ठोकळे रचून झाल्यावर त्याने स्वतःच सांधा सोडला आणि वह्यांकडे पाहत म्हणाला, "म्हणजे बाबा जॅकला कमी समजत नाहीत. त्याच्याकडून दुसऱ्याचं काम करून घेत नाहीत." पाठाच्या शेवटी मी आता हेच वाक्य फळ्यावर लिहितो.