तरणतलावाचा दुभाषी

गोव्यात आसगाव, शिवोलीकडे नव्या बंगल्यांबरोबर अंगणात तरणतलावही आले. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडे तर मागच्या अंगणात पूल असणं यात नवल उरलेलं नाही. मोठ्या पूलबरोबर बहुधा एक पेटी येते. पंप, हीटर, दिवे, क्लोरिनेटर हे सगळं सांभाळणारा तो कंट्रोलर. पेंटेअर, हेवर्ड आणि जँडी ही त्यातली ठळक अमेरिकन नावं. घरातले दिवे, पंखे, एसी एकाच फोनवरून चालवणाऱ्यांची गाडी इथे अडते. पूलचं ॲप वेगळं, घराचं वेगळं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण साधं आहे. वस्तू आपण विकत घेतली, पण तिची भाषा कंपनीने स्वतःकडे ठेवली.

यात बिघडतं काय? ॲप कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर आपल्या अंगणातल्या पंपाची दोरी दुसऱ्याच्या हातात राहते. 'रिव्हॉल्व' नावाचा घर-नियंत्रणाचा हब नेस्टने घेतला आणि मे २०१६मध्ये त्याची सेवा बंद केली. लोकांच्या घरातली चांगली यंत्रं त्या दिवशी निकामी झाली. २०२३मध्ये चेंबरलेनने गॅरेजच्या दारांच्या 'मायक्यू' सेवेत बाहेरच्या सॉफ्टवेअरला मज्जाव केला, तेव्हा होम असिस्टंटला ती जोडणी काढून टाकावी लागली.

म्हणून जोडणी शक्यतो घरातल्या घरात असावी. पेंटेअरचंच उदाहरण घेऊ. तिच्या ईझीटच आणि इंटेलीटच कंट्रोलरमधून पंपाकडे जी तार जाते, तिच्यावर आरएस-४८५ पद्धतीने संदेश फिरतात. ही कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरली जाणारी खुली पद्धत आहे. गुपित आहे ते फक्त संदेशांच्या अर्थात. हौशी लोकांनी ते संदेश ऐकून ऐकून उलगडले. वेग ९६०० बॉड. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक: कंट्रोलरचा १६, पहिल्या पंपाचा ९६. शेवटी बेरजेचा ताळा, म्हणजे संदेश वाटेत बिघडला तर लगेच कळतं.

आपल्याला लागतो तो दुभाषी. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आपल्या घरांना हे काम नवीन नाही. इथे दुभाषी म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबीला लागणारा आरएस-४८५ अडॅप्टर आणि 'नोडजेएस-पूलकंट्रोलर' हे मोफत सॉफ्टवेअर. ते पेंटेअरची बोली समजून घेतं आणि एमक्यूटीटी या खुल्या पद्धतीने होम असिस्टंटला सांगतं. कंट्रोलरला पेंटेअरचा स्क्रीनलॉजिक अडॅप्टर जोडलेला असेल, तर होम असिस्टंट घरातल्या नेटवर्कवरूनच त्याच्याशी बोलतं. जँडीच्या आयॲक्वालिंकची तयार जोडणी मात्र कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाते. घेण्याआधी हा फरक विचारून घ्या.

तारा जोडताना घाई नको. पेंटेअरच्या चार तारांपैकी पिवळी आणि हिरवी संदेशाची, काळी अर्थची. लाल तारेत १५ व्होल्ट असतात; ती अडॅप्टरला लावली तर अडॅप्टर जळू शकतो. त्याच पेटीत पंपाचा मोठा दाबही असतो, म्हणून मेन स्विच बंद करूनच झाकण उघडा, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेलं बरं.

फायदा खरा आहे. वेग बदलता येणाऱ्या पंपाचा वेग निम्मा केला, तर हिशेबाने वीज साधारण एक अष्टमांश लागते. पाणी दुप्पट वेळ फिरवलं तरी बचत राहते. छतावर सोलर असेल, तर ऊन असतानाच पंप चालवता येतो.

पण एक रेघ ओलांडू नका. मालक कंट्रोलरच राहू द्या. हीटर चालू असताना पाणी वाहतंय का, पंप बंद असताना क्लोरीन सुटत नाही ना, ही राखण त्याची आहे. आपल्या सॉफ्टवेअरने फक्त विनंती करायची. वाय-फाय गेलं, रास्पबेरी पाय बंद पडला, तरी पूल ठरलेल्या वेळापत्रकाने चालला पाहिजे. पूलभोवतीचं कुंपण आणि लहान मुलांवरची मोठ्यांची नजर यांना तर कुठलंच ॲप पर्याय नाही. बाहेरगावाहून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा. राउटरचं दार उघडं टाकू नका.

सुरुवात ऐकण्यापासून करा. पहिले दोन आठवडे एकही हुकूम न देता फक्त पाण्याचं तापमान, पंपाचा वेग आणि विजेचा वापर नोंदवत राहा. आकडे कंट्रोलरच्या पडद्याशी जुळले की मग एक दिवा, त्यानंतर पंप, आणि हीटर सर्वांत शेवटी. कुठली तार कुठे गेली याचा एक कागद मराठीत लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. तुम्ही नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी असाल, तेव्हा घरी आई-बाबांनाच ती पेटी उघडावी लागेल. त्यांना ती फोनशिवाय, नुसत्या बटणाने चालवता आली, तर जोडणी नीट झाली असं समजा.