रद्दी नोटांचा रोकडा व्यापार

स्वस्त घ्यावें आणि महाग विकावें, हें व्यापाराचें मर्म कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु खुद्द पैसाच स्वस्तांत घ्यावा, तोच महाग विकावा, आणि विक्रीचें काम दुकानदारानें न करतां एका लोखंडी पेटीनें करावें, असें कोणी सांगितल्यास ऐकणारास ती थट्टाच वाटेल. अमेरिकेंत मात्र हा एक लहानसा पण खराखुरा जोडधंदा आहे. त्यांत कमाई किती हा प्रश्न गौण; त्यांतून घरांतल्या मुलांना काय शिकावयास मिळेल, हा आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

नाणें टाकून वस्तु मिळविण्याची युक्ति फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें देवळांतील तीर्थ नाण्याच्या भारानें सोडणाऱ्या यंत्राचें वर्णन करून ठेविलें आहे. आणि १८८३ सालीं लंडनांत पर्सिव्हल एव्हरिट यानें पोस्टकार्डें विकणारें यंत्र पुढें आणलें. आपल्याकडे रेल्वेच्या फलाटावरील वजनाचें यंत्र कोणाच्या परिचयाचें नाहीं? नाणें टाकलें कीं वजन आणि भविष्य छापलेलें जाड तिकीट खट्‌कन् बाहेर पडे. अमेरिकेंतील पेट्या याच जातीच्या. उपाहारगृहांच्या दाराशीं त्या मांडलेल्या असतात. पंचवीस सेंटांचीं नाणीं खांचेंत घालून मूठ फिरविली कीं गोळ्या, चिकटचित्रें किंवा कुपींतलें खेळणें हातीं येतें. वीज लागत नाहीं, नोकर लागत नाहीं. चिकटचित्राच्या जागीं पुठ्ठ्याच्या घडींत एकेक परदेशी नोट घातली कीं माल तयार.

आतां ह्या नोटा इतक्या स्वस्त कशा? कांहीं देशांच्या जुन्या नोटा चलनांतून बाद झालेल्या असतात. कांहींच्या चालू असूनहि त्यांचें मोल नाममात्र उरलेलें असतें. अशा कोऱ्या करकरीत नोटा नाणेसंग्राहकांचे घाऊक व्यापारी शंभर-शंभरांच्या पुडक्यांनीं विकतात. सोव्हिएत संघ मोडल्यावर बेलारूस देशानें १९९२ सालीं काढलेल्या नोटा ह्याचें उत्तम उदाहरण होय. एका रुबलावर ससा, तिहींवर बीव्हर, पांचांवर लांडगे, शंभरांवर बायसन. मुलांस जणूं प्राणिसंग्रहालयच. महागाईनें त्या रुबलाची रया गेली, आणि ससे जगभरच्या संग्रहांत जाऊन बसले.

नफ्याचा हिशेब कागदावर मोठा मोहक दिसतो. समजा, नोट ५ सेंटांस पडली, पुठ्ठा २ सेंटांस, आणि विक्री ७५ सेंटांस ठेविली. जागेच्या मालकास उत्पन्नाचा चौथा हिस्सा दिला, तर शंभर नोटांमागें ७५ डॉलरांतून ५, २ आणि पावणेएकोणीस डॉलर वजा जाऊन सव्वाएकोणपन्नास डॉलर उरतात. परंतु पेटीच २०० डॉलरांची धरली, तर चारशें नोटा खपेपर्यंत पदरीं कांहींच पडत नाहीं. आणि त्यांतच खेपा, गाडीचें तेल, अडकलेलीं नाणीं व मोडलेलें कुलूप यांचा खर्च आला. एक पेटी संसार चालवीत नाहीं. ती फार तर फावल्या वेळाचा उद्योग होय.

खरा प्रश्न याच्या पुढें आहे. पेटीच्या दर्शनी भागावर विक्रेता काय लिहितो? झिंबाब्वे देशानें जानेवारी २००९ मध्यें एकावर चौदा शून्यें असलेली, म्हणजे एक कोटी कोटी डॉलरांची नोट काढली. तिच्यावर एकमेकांवर तोललेल्या शिळांचें चित्र आहे, आणि त्या देशाच्या कारभाराचा तोल त्याच सुमारास पार गेलेला होता, हा केवढा योगायोग! कांहीं महिन्यांत तें चलन वापरांतून गेलें. २०१५ सालीं सरकारनें जुन्या डॉलरांचा हिशेब मिटविला, तेव्हां ह्या नोटेचे अमेरिकन ४० सेंट ठरले. पुढें मात्र संग्राहकांनीं तिची किंमत त्याहून कितीतरी पटींनीं वाढविली. म्हणून कोणत्याहि पेटींतून ती एका डॉलरास मिळूं लागली, तर ती बहुधा नक्कलच समजावी; सोनेरी पत्र्याच्या अशा नकला बाजारांत रगड आहेत. ‘अब्जाधीश व्हा’ असें लिहून मुलास भुलविणारा विक्रेता आणि ‘ही नोट अमुक देशाची, अमुक सालीं अमुक कारणानें निकामी झाली’ असा खरा कागद आंत घालणारा विक्रेता, दोघेहि विकतात तेंच. पण पहिला लोभ विकतो व दुसरा ज्ञान.

लोभाची गोष्ट मुलांपुरतीच नाहीं. २००३ नंतर इराकचे नवे दिनार अमेरिकेंत असंख्य प्रौढांनीं ‘आज ना उद्यां भाव चढेल’ ह्या आशेनें विकत घेतले. तो चढला नाहीं. आणि खोटीं आश्वासनें देऊन दिनार विकणाऱ्या कांहींजणांना तेथील न्यायालयांनीं शिक्षाहि ठोठावल्या.

आणि ह्या पुठ्ठ्यांत कोणाची तरी पुंजी गुंडाळलेली आहे, हें विसरतां कामा नये. महायुद्धापूर्वीं जर्मनींत सुमारें चार मार्क वीस फेनिगांस एक डॉलर मिळे; नोव्हेंबर १९२३ मध्यें त्यास ४ लाख २० हजार कोटी मार्क पडूं लागले. जन्मभर काटकसर करून ठेवी ठेवणारा पेन्शनर एका वर्षांत निष्कांचन झाला. हंगेरींत १९४६ सालीं त्याहून भयंकर प्रकार घडला. एकावर वीस शून्यांची नोट निघाली, आणि १ ऑगस्ट रोजीं नवा फोरिंट आला, तेव्हां त्याच्या एका नाण्यास चारावर एकोणतीस शून्यें इतके पेंगो ठरले! ब्रह्मदेशांत जपान्यांनीं १९४२ पासून ‘बी’ अक्षराच्या रुपयांच्या नोटा चालविल्या. १९४५ मध्यें इंग्रज परतले आणि तो कागद केवळ कागद उरला. तेथें मागें राहिलेल्या भारतीय कुटुंबांसहि त्याची झळ लागली.

आपल्याकडे असला उद्योग करूं पाहणाऱ्यानें कायदा आधीं जाणावा. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणें चालू परकीय चलनाची खरेदी-विक्री अधिकृत व्यक्तींमार्फतच करतां येते. आपल्याच बाद झालेल्या पांचशें व हजारांच्या नोटा २०१७ च्या कायद्यान्वयें दहांहून अधिक बाळगतां येत नाहींत; अभ्यास व नाणकशास्त्र यांसाठीं ही मर्यादा पंचवीस आहे. ‘तुमची जुनी नोट लाखांस घेतों, आधीं शुल्क भरा’ असें सांगणाऱ्यांपासून सावध राहण्यास रिझर्व्ह बँकेनें २०२१ मध्यें बजाविलें आहे.

तेव्हां पेटी मांडण्याची सूचना आम्ही वाचकांस करीत नाहीं. परंतु विश्वासू नाणे-व्यापाऱ्याकडून बाद झालेल्या दहाबारा नोटा घेऊन घरांतल्या मुलांना एक वही करावयास लावणें हें सहज साधण्यासारखें आहे. प्रत्येक नोटेखालीं मुलानें तीन गोष्टी लिहाव्या: ती कोणी काढली, ती कां बुडाली, आणि ती बुडाली तेव्हां कोणाचें काय गेलें. पहिल्या दोहोंचीं उत्तरें पुस्तकांत सांपडतील. तिसऱ्यासाठीं आजोबा-आजींपाशीं बसावें लागेल. कारण घरांत चार पैसे कसे राखले, कोठें ठेविले आणि महागाईनें त्यांतले किती खाल्ले, हें त्यांच्याइतकें कोणीं पाहिलेलें नसतें. मुंबईस गेल्यास फोर्ट भागांतील रिझर्व्ह बँकेचें नाणेसंग्रहालयहि त्यांना दाखवावें. इतकें शिकलेलें मूल पुढें कोणीं झटपट श्रीमंतीचा कागद पुढें केला, तर आधीं त्याच्या शून्यांकडे न पाहतां त्यावरील सही कोणाची आहे तें पाहील.