डोंगरमाथ्यावर तळं भरतं कसं?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माणसाला तळ्याचं फारसं अप्रूप नसतं. गोखले रोडवरून पाय मोकळे करायला निघालं तरी मासुंद्याचा काठ येतो, पलीकडे पाचपाखाडीत कचराळी आहेच. तरी पावसाचा जोर ओसरला की इथलीच मंडळी कर्जत लोकल पकडून नेरळला उतरतात आणि माथेरानला जाऊन शार्लोट तलावाच्या काठी उभी राहतात. ठाण्यातली तळी सखल जागी आहेत. उताराचं पाणी तिथं येणारच. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, भोवती कडे तुटलेल्या एकट्या डोंगराच्या डोक्यावर तळं भरतं कसं?

या डोंगराशी ठाण्याचं नातं जुनं आहे. मे १८५० मध्ये ह्यू मॅलेट हे ठाण्याचे कलेक्टर चौकच्या बाजूने वर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. ठाकर, कातकरी आणि धनगर तिथं आधीपासून वावरत होते, पण शोधाचा मान साहेबाला मिळायचा तो मिळाला. थंड हवेचं ठिकाण वसवायचं तर नुसती हवा पुरत नाही, पाणी लागतं. माथ्यावरच्या खोलगट जागेत ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं, तोच हा तलाव. म्हणजे तळं माणसाचं. त्याला पाणी पुरवायची व्यवस्था मात्र डोंगराची.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माथेरानसारख्या डोंगरांना अडतात, वर ढकलले जातात, थंड होतात आणि बरसतात. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. ठाण्यापेक्षा माथेरान पाचेक अंशांनी गार, ते या हिशेबाने. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. खरं कोडं पुढच्या आठ महिन्यांचं आहे.

त्याचं उत्तर पायाखाली आहे. तलावाकडे जाणाऱ्या तांबड्या वाटेवरचा एखादा दगड उचलून पाहा. आकाराच्या मानाने हलका, वेड्यावाकड्या भोकांनी भरलेला, फुटल्या बाजूला तांबडे, पिवळे, जांभळट डाग. हा जांभा, कोकणातल्या घरांचे चिरे काढतात तोच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून इथला काळा पाषाण तयार झाला. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पावसाचं पाणी मुरत राहिलं. त्याने खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं; लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. धूप होऊन आजूबाजूचा प्रदेश झिजत गेला, पण वरच्या टणक जांभ्याने माथा राखला. माथेरान वरून सपाट दिसतं ते त्यामुळे.

जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी खाली मुरतं. त्याच्या तळाशी चिकणमाती आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण असतो. तिथं पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर, तळ्याच्या खोलगट जागेकडेही, झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावरही कड्याच्या ठरावीक उंचीवर ओल आणि हिरवा पट्टा दिसला, तर तो बहुधा या दोन थरांचा सांधा असतो. वरच्या गर्द झाडीचं कामही मोठं आहे. पावसाचा मार ती अंगावर घेते, पालापाचोळा पाण्याला थबकायला लावतो, म्हणून ते वाहून जाण्याऐवजी जिरतं. झाडी गेली तर हाच जांभा चार महिने धबधबे दाखवेल आणि मग कोरडा पडेल.

म्हणूनच माथेरानच्या रस्त्यांवरच्या पेव्हर ब्लॉकचा वाद, जो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मला निव्वळ घोडेवाले विरुद्ध ई-रिक्षा असा वाटत नाही. उघडी लाल माती पावसात वाहून तळ्यात गाळ भरते, हे खरं. पण सगळंच झाकून टाकलं तर पाणी जिरायचं कुठे? घोड्यांची लीदही पावसाबरोबर वाहते. तिच्यातलं नत्र आणि फॉस्फरस तळ्यात उतरलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. ठाण्याच्या तळ्यांनी हे दुखणं निर्माल्य आणि सांडपाण्यामुळे पुरेपूर भोगलं आहे. त्यांचं पाणलोट क्षेत्र इमारतींखाली आणि डांबराखाली गेलं. ते आता कोणी परत आणू शकणार नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथलं पाणलोट अजून जागेवर आहे.

आणखी एक. शांत दिसणाऱ्या पाण्यात पोहायला उतरून तरुण बुडाल्याच्या बातम्या माथेरानहूनही येतात. उन्हाने पृष्ठभागाचं पाणी तापून हलकं होतं आणि गार, जड पाणी खाली राहतं. काठावर कोमट लागलेलं पाणी खोलात अचानक गारठवतं. तळाच्या गाळात पाय रुतला तर पोहता येऊनही उपयोग होत नाही. तेव्हा शार्लोटला जाल तर काठावरूनच पाहा आणि प्लॅस्टिकची बाटली परत खाली आणा. या तळ्याचं पाणी गावाला पिण्यासाठी आहे.