यंत्राचा ताप आणि यंत्राची स्मृति

परळ-लालबागच्या कापडगिरण्या चालत असतां त्यांच्या विणकामखात्यांतील हवा मुद्दाम दमट ठेवीत असत. कारण हवा कोरडी पडली कीं सूत तुटे. आज त्यांपैकीं कित्येक गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या उभ्या आहेत, आणि त्या कचेऱ्यांतून अहोरात्र राबणाऱ्या एका यंत्राला हवा लागते ती थंड, स्वच्छ आणि बेताच्या दमटपणाची. हें यंत्र म्हणजे सर्व्हर. अनेक संगणकांना एकाच वेळीं माहिती पुरविणारा मोठा संगणक. रुग्णालयांतील रोग्यांच्या नोंदी, पतपेढींतील ठेवीदारांचीं खातीं, ग्रंथालयाची सूची हें सारें त्याच्याच स्वाधीन असतें. तो मंदावला कीं खिडकीपाशीं उभ्या असलेल्या माणसाचें काम अडतें.

सर्व्हर मंदावला म्हणजे बहुधा त्याची स्मृति वाढविण्याची घाई होते. परंतु वैद्य जसा औषधापूर्वीं नाडी पाहतो, तद्वत् येथेंहि प्रथम निदान हवें. कारण मंदपणाचीं दोन मुख्य कारणें बाहेरून एकसारखींच दिसतात.

पहिलें कारण ताप. सर्व्हरला मिळणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. मुख्य गणन करणारा प्रोसेसर लहानशा जागेंत शंभर-दोनशे वॉट उष्णता सोडतो. ती त्याच्यावर बसविलेल्या धातूच्या पंखदार ठोकळ्यांत शिरते व पंखे ती वाऱ्याबरोबर मागें फेंकतात. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि स्थिर हवेपेक्षां तांबें उष्णता सुमारें पंधरा हजारपट अधिक वाहून नेतें. म्हणून त्या पोकळ्या थर्मल पेस्टनें भरतात. कालांतरानें हा लेप सुकतो, पंखांच्या फटी धुळीनें बुजतात, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग कमी करतो. अशा वेळीं नवी स्मृति विकत घेणें म्हणजे तापकऱ्याला नवा सदरा शिवणें होय.

दुसरें कारण खरोखरच स्मृतीची टंचाई. चालू कामाची माहिती यंत्र 'रॅम' नांवाच्या शीघ्र स्मृतींत ठेवतें. ती भरली कीं उरलेली माहिती डिस्कवर जाते; मेजावर जागा नाहीं म्हणून कागद कपाटांत ठेवावे आणि क्षणोक्षणीं उठून आणावे, तशी यंत्राची अवस्था होते. तपमान, पंख्यांचा वेग आणि वापरांत असलेली स्मृति यांचे आंकडे सर्व्हर स्वतःच दाखवितो. ते पाहिले कीं दोहोंपैकीं खरें दुखणें कोणतें, हें कळतें.

यंत्र उघडण्यापूर्वीं सर्व माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, आणि विजेच्या सर्व तारा काढाव्या. सर्व्हरला बहुधा त्या दोन असतात. वातानुकूलित खोलींतील कोरड्या हवेंत अंगावर स्थिर विद्युत् सांचते, म्हणून मनगटाला भूमीशीं जोडलेला पट्टा बांधावा. धूळ उडवितांना पंख्याचें पातें बोटानें धरावें. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून वाटाण्याएवढा नवा लावावा, आणि ठोकळ्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आंवळावे. वारा वळविणारें आंतील आवरण परत बसविण्यास विसरूं नये. त्याच्यावांचून वारा भलत्याच वाटेनें निघून जातो.

स्मृतीची महती समजण्यास मागें पाहावें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें मुंबईंत घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं काम करूं लागला. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि स्मृति होती प्रत्येकीं ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. आजच्या मापानें अवघी दहा किलोबाइट. आज ३२ गिगाबाइटची वीतभराहून लहान पट्टी तिच्या तेहतीस लाखपट माहिती सांठविते.

अशा पट्ट्या गिरगांवाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. मात्र दिसण्यावर जाऊं नये. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही जातींना २८८ संपर्क असूनहि खांच निराळ्या जागीं असते; एकीच्या घरांत दुसरी बसत नाहीं. सर्व्हरला चूक सुधारणारी, म्हणजे ईसीसी जातीची पट्टी हवी. डीडीआर-४ च्या अशा पट्टींत ६४ बिटांमागें ८ बिट जादा असतात. त्यांच्या आधारें एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते. रोग्याच्या औषधाचें प्रमाण नोंदविणाऱ्या यंत्रांत हें संरक्षण चैनीचें नव्हे. पट्ट्या कोणत्या घरांत कोणत्या क्रमानें बसवाव्या, हें उत्पादकाच्या पुस्तिकेंत पाहूनच ठरवावें.

काम संपल्यावर रात्रभर स्मृतीची परीक्षा चालवावी, आणि दुरुस्तीपूर्वींचें व नंतरचें तपमान तारखेसह वहींत लिहावें. पुढल्या खेपेस यंत्र मंदावेल तेव्हां ताप वाढला कीं स्मृति अपुरी पडली, याचा निवाडा करण्यास तीच वही उपयोगी पडेल.