वटू नयेत ते चेक

मालवणकडच्या माणसाला परळ परके नाही. एकेकाळी गिरणीत चिकटण्यासाठी तो तिथे उतरे. आता पुष्कळदा हातात फाईल घेऊन 'टाटा'साठी उतरतो. १९४१ साली सुरू झालेल्या त्या इस्पितळाचा धसका आणि आधार, दोन्ही आमच्या वाड्यावाड्यांत आहेत. मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले, तेव्हापासून लोक मला विचारतात, "कॅन्सराचा नवीन औषद इला म्हणतत, ता खरा काय?" विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कोणीतरी आजारी असते. म्हणून उत्तर जपूनच द्यायला हवे.

पेशीतला डीएनए म्हणजे खातेवही समजा. तिच्यावरून आरएनएचा चेक निघतो. तो वटला की प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए ही जेमतेम बावीस अक्षरांची चिठ्ठी : 'या चेकचे पेमेंट थांबवा.' १९९३ मध्ये ती प्रथम सापडली, मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्यात. माणसात अशा चिठ्ठ्या शेकड्यांनी आहेत. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाला दिसले, की एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात बहुसंख्य रुग्णांत अशा दोन चिठ्ठ्या हरवलेल्या किंवा कमी झालेल्या असतात. मग नको ते चेक बिनदिक्कत वटत राहतात.

हरवलेली चिठ्ठी परत दिली तर? टाटाच्याच खारघरमधील 'अ‍ॅक्ट्रेक' या संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. विषय होता मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुख्यतः लहान मुलांच्या मेंदूत होणारी गाठ. या गाठीचे चार प्रकार असून त्यांचे भवितव्य वेगवेगळे असते. २०१३ मध्ये या गटाने १२ जनुके आणि ९ मायक्रोआरएनए मोजून प्रकार ओळखणारी चाचणी मांडली. २०२० मध्ये त्यांनी दाखवले, की त्यांतल्या एका घातक प्रकाराच्या पेशींत 'एमआयआर-१९३ए' पुन्हा वाढवले, तर वाढ रोखली जाते आणि किरणोपचाराचा परिणामही अधिक होतो. कोवळ्या मेंदूला किरणांची झळ किती बसते, हे ज्यांनी पाहिले त्यांना याचे मोल कळेल.

परंतु प्रयोगशाळेतली पेशी वेगळी आणि आपले पोर वेगळे. अमेरिकेत 'एमआयआर-३४ए' स्निग्ध कुपीत घालून रुग्णांना देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. काहींच्या गाठी आकसल्या. पण प्रतिकारशक्ती खवळून चार रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. अडचण दुहेरी आहे. चिठ्ठी नेमक्या काउंटरवर पोचवायची कशी, हा एक भाग. दुसरा असा, की एकच चिठ्ठी अनेक चेक अडवते. त्यांत चांगलेही असतात.

तेव्हा उत्तर असे : शोध खरा आहे, औषध अजून नाही. कर्करोगावरील मायक्रोआरएनएचे एकही औषध आज मान्यता मिळवून बाजारात आलेले नाही. त्या नावाने कोणी बाटली विकायला आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. शस्त्रक्रिया, किरण, केमो यांची ठरलेली तारीख चुकवू नये. आशा जरूर बाळगावी. पण तिच्या भरवशावर गाडीचे आरक्षण मात्र रद्द करू नये.