हरवलेली कुरकुरीत चव

असोद्यासारख्या गावांत लहान उत्पादकांची चिप्सची पाकिटे मोठ्या कंपन्यांच्या वितरणापुढे तग धरत नाहीत. १९९२ साली आलेले, घराघरांत पोहोचलेले 'अंकल चिप्स' २००० साली फ्रिटो-लेकडे गेले; मग छोट्यांची काय कथा!

हरवलेल्या चवीला पर्याय शोधताना जैन कुटुंबांनी सावध असावे. पाकिटावरील हिरवा ठिपका केवळ शाकाहाराची ग्वाही देतो. मसाल्यात कांदा-लसणाची पूड असू शकते. म्हणून घटकांची यादी वाचावीच.

मेक्सिकोत चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पोळीचे तुकडे तळून टॉर्टिया चिप्स करतात. खानदेशात तसाच कुरकुरीतपणा ज्वारीच्या बिबड्यांत आहे. लसूण वगळूनही त्या रुचकर होतात. मात्र ज्वारी काही दिवस भिजवावी लागते, म्हणून व्रतस्थांनी आपला नियम पाहावा. बटाट्याऐवजी जळगावच्या कच्च्या केळीचे वेफर्स आहेत. पर्वतिथीला गव्हाचा कोरडा खाकरा सोयीचा.

दुकानाच्या फळीवर काय मांडायचे, हे व्यापाऱ्याच्याच हाती असते. गावातील बचत गटाच्या बिबड्यांना तिथे जागा मिळाली, तर ही चव तरी हरवणार नाही.