संगणकाचे पूर्णांक

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापूस विकला, की हिशेबपट्टी हातात पडते. हल्ली ती पुष्कळदा संगणकातून निघते. असा हिशेब करणारा प्रोग्रॅम उद्या आपल्याच शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी लिहील. त्यांना पहिला प्रश्न पडेल तो हा : आकडा ठेवायचा कशात?

जावासारख्या भाषेत प्रत्येक आकड्यासाठी आधी भांडं ठरवावं लागतं. पूर्णांकाच्या भांड्यात फक्त अखंड संख्या राहते. समजा, १५ क्विंटल कापूस दोघा भावांत वाटायचा आहे. पूर्णांकांचा भागाकार साडेसात सांगत नाही. तो ७ सांगतो आणि उरलेलं सोडून देतो. प्रत्येकाचे ५० किलो गेले की हो हिशेबातून!

मग उपाय काय? एकक लहान घ्यावं. १५ क्विंटल म्हणजे १,५०० किलो. त्याचे निम्मे ७५०. कोणाचं काही गेलं नाही. पैशांचंही तेच. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हा रक्कम पैशांतच मांडावी. दशांश चिन्हाच्या संख्यांचंही भांडं असतं, पण नेहमीच्या अशा भांड्यात दहा पैसे, म्हणजे ०.१० रुपया, तंतोतंत बसत नाही. कारण संगणक दोनाच्या पटीत मोजतो.

मात्र एकक लहान केलं की आकडा फुगतो. भांडं पुरेल ना, हे पाहायला हवं. शिक्षकांनी वर्गात आठ मुलं ओळीनं घ्यावीत. उभा म्हणजे एक, बसलेला म्हणजे शून्य. आठ जणांच्या २५६ तऱ्हा होतात, सोळा जणांच्या ६५,५३६. जावातल्या 'शॉर्ट' या प्रकारात अशीच सोळा घरं असतात. त्यांतलं पहिलं घर उणे संख्येची खूण सांगतं. म्हणून सर्वांत मोठा आकडा ३२,७६७.

आता दिवसभराच्या कापसाची बेरीज किलोंत या भांड्यात ठेवली, तर ३२७ क्विंटल ६७ किलोंवर ते काठोकाठ भरतं. पहिला गडी बसलेला, बाकीचे पंधरा उभे. आणखी एक किलो घातला, की पंधराही खाली बसतात आणि पहिला उभा राहतो. बेरीज होते उणे ३२,७६८! संगणक हूं की चूं करत नाही.

ही नुसती शाळेतली गंमत नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं आरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. वेगाशी संबंधित एक मोठा आकडा सोळा घरांच्या पूर्णांकात घालताना तो मावला नाही, आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली.

बत्तीस घरांच्या 'इंट' मध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंत मावतं. पैशांत मोजलं तर ते सव्वादोन कोटी रुपयेही होत नाहीत. मोठ्या बाजाराच्या हंगामाला ते अपुरं पडेल. तिथं चौसष्ट घरांचा 'लाँग' घ्यावा. पायथन भाषा पूर्णांकाला लागेल तशी जागा वाढवून देते, पण हिशेब लिहिणाऱ्यानं मर्यादा विसरू नये.

तेव्हा मुलांना दोनच गोष्टी शिकवा : एकक इतकं लहान घ्या, की तुकडा उरू नये, आणि भांडं इतकं मोठं घ्या, की हंगामाची सगळी बेरीज त्यात मावावी. शेतकऱ्याचा किलो न् किलो त्या आकड्यातच असतो.